डाव्या डोळ्याची तपासणी

४ मार्च
विद्यापीठातल्या मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रात चाळीस मिनिटं पडून होते. आधी उजवा डोळा झाकला, मग डावा. हलायचं नाही. हलले नाही. डाव्यासमोर पट्टे सरकत होते म्हणे. मला करडं दिसलं. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

५ मार्च
कारखान्यात, मेणानं बातिकची नक्षी काढता काढता, आमच्यातल्या वडीलधाऱ्या बू तुमिनी म्हणाल्या, "डोकं उघडून बघितलं का गं? निघालं काही आत?" सगळ्या हसल्या. मीही हसले. करंगळी टेकवली, मेणाची रेघ ओढली. करंगळी टेकल्याशिवाय कापड हातापासून किती दूर आहे ते मला कळत नाही — पंधरा वर्षांत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

११ मार्च
डॉक्टर हप्सारींनी यंत्रातलं मेंदूचं चित्र दाखवलं. "डोळ्यात दोष नाही, ताई. मेंदूत बघण्याचा जो भाग आहे, त्याचं बाकीच्यांशी बोलणं कमी आहे." आता सुधारेल? "मोठेपणी फारसं नाही. लहानपणी सुधारतं." मग कागद आवरता आवरता — "घरात लहान मूल?"
लारस. माझी मुलगी. सहा वर्षांची.
"तिला दाखवा. कधी कधी आईकडून येतं. सात-आठच्या आत कळलेलं बरं."

१२ मार्च
नाही नेलं.

१५ मार्च
नवरा, वियोनो, म्हणाला, "अगं, शाळेत तपासणी झाली की! पास आहे पोरगी. तुझं आपलं काहीतरीच."
मीही पास झाले होते. आधी उजव्या डोळ्यानं तक्ता वाचायला लावतात. तेवढ्यात ओळी पाठ होतात. मग डाव्याच्या वेळी घडाघडा म्हणायच्या. लबाडी वाटली नव्हती — मला वाटलं, पाठांतरच विचारतायत!
त्याला हे सांगितलं नाही.

१६ मार्च
सांगितलं. तो जेवत होता. "लग्नाला आठ वर्षं झाली," इतकंच म्हणाला. ताटातलं सोयाबीनचं टेंपे संपवलं. हात धुतले.

१९ मार्च
दोन कागदांवर कोळशानं चित्रं काढली. मासा, घर, चंद्र, पान. दुसऱ्यावर क्रम वेगळा. लारसला दाखवले नाहीत. कपाटात ठेवले.

२० मार्च
लारसचा डावा डोळा झाकला. तिनं पहिला कागद धडाधड वाचला. कागद बदलला, उजवा झाकला.
एकाही चित्राचं नाव सांगता आलं नाही.
घाबरली नव्हती. मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "आई, हा डोळा तर नुसताच असतो ना? सगळ्यांचा?"