अळूवड्या ओव्हनमध्येच राहिल्या

मॉरिसव्हिल, शनिवार, ७ जून

रियाची होणारी आर्मेनियन सासू आज पहिल्यांदा घरी आली. आर्मेनियाची ड्राय व्हाइट वाइन आणणार हे ठाऊक होतं. ते लोक त्या वाइनबरोबर द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून खातात, म्हणून मी मुद्दाम अळूवड्या केल्या. रिया म्हणाली, "आई, प्लीज, नॉट दॅट!" तिनं ताट ओव्हनमध्ये लपवलं आणि दुकानातलं चीज मांडलं. मी तिला अडवलं का नाही? माझंच घर ना?

निघताना ती बाई म्हणाली, "तुमच्या हातचं काहीतरी खायला मिळेल असं वाटलं होतं."

रिया माझ्याकडे बघत राहिली. मी हसून म्हटलं, "सॉरी, वेळच मिळाला नाही."

वेळ मिळाला नाही! सकाळपासून अळूच्या शिराच काढत बसले होते की.