पूल ओलांडला त्या शनिवारी

२६ जानेवारी १९८५

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र मिळालं, रानचेरीच्या मुरंब्याची बरणीही न फुटता पोचली. इथे थंडीने कहर केलाय. गाडी रोज सकाळी रुसून बसते. गव्हर्नरचं घर सोडून भाड्याच्या दोन खोल्यांत आले आहे, खोकी अजून बांधलेलीच आहेत. दाराशी पोलीस नाही, फोन वाजत नाही. निवांत आहे अगदी.

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ये म्हणतेस. वर लिहिलंस, ‘आता काय, तुला वेळच वेळ आहे.’ किती सहज लिहून गेलीस गं!

विधानभवनात माझं तैलचित्र लागलं, ते पेपरात पाहिलं असशील. मिशीवाल्यांच्या रांगेत शेवटी मी. चित्रकार म्हणाला, “मॅडम, जरा हसता का?” म्हटलं, “ह्या सगळ्यांना हसायला सांगितलं होतं का कोणी?” राज्यातली पहिली बाई गव्हर्नर म्हणजे काय असतं, ते तुला कधी सांगितलं नाही. पहिलं बजेट मांडलं त्या दिवशी वार्ताहराने मला बटाट्याच्या पोळीची कृती विचारली. मी मेली भोळी, दिली. दुसऱ्या दिवशी कृती छापून आली, बजेट आतल्या पानावर.

तरी लोक माझे होते. कोळशाच्या पट्ट्यातले शेतकरी ट्रॅक्टरवरून मतदानाला आले. मी त्यांना शब्द दिला होता की शेतकऱ्याने हो म्हटल्याशिवाय त्याच्या रानात कोणाचं यंत्र शिरणार नाही. कोळसा कंपनीने आमदार फोडून, शेतकऱ्याला न विचारता खाण खोदू देणारं विधेयक मंजूर करून घेतलं आणि ते माझ्या टेबलावर आलं. मी ते फेटाळणारच होते. पण सोमवारी, त्यांच्याच गावच्या चर्चच्या हॉलमध्ये, त्यांच्यासमोर. ती हौस मला नडली.

शनिवारी तुझा फोन आला. “मार्लिस, आई जातेय गं. तुझंच नाव घेतेय.”

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. आता हात थांबत नाही.

आपल्या राज्याचा कायदा घोडागाडीच्या काळातला. गव्हर्नरने राज्याची हद्द ओलांडली की परत येईपर्यंत सगळी सत्ता उपगव्हर्नरकडे. हे तू आणि मी एकाच बाकावर बसून पाठ केलं होतं. नदीच्या मधोमध हद्द, पलीकडे तुझं घर. सेक्रेटरी दारात आडवी उभी राहिली. “मॅडम, आधी त्या कागदाचा निकाल लावा, मग जा.” मी ओरडले तिच्यावर, “आई मरतेय माझी, कागद कसला घेऊन बसलीस!”

आई तुझ्या स्वयंपाकघरात लोकर गुंडाळत बसली होती. मला बघून म्हणाली, “अगंबाई! आर्डिस म्हणालीच होती तू येशील म्हणून. चेहरा का असा उतरलाय? बरं नाही का तुला?”

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. “सकाळी फार घाबरं झालं होतं तिला,” एवढंच म्हणालीस. आणि मग, “आलीच आहेस तर जेवूनच जा.” माझ्या ताटात कधी मीठ न वाढणारा तुझा नवरा ड्युएन स्वतः उठून मला मटण वाढत होता. आणि मी जेवले, आर्डिस! आई ठीक आहे म्हणून देवाचे आभार मानत दोनदा वाढून घेतलं.

परत येताना पुलावरच रेडिओवर ऐकलं. शनिवारी कधी ऑफिसात पाय न ठेवणारा उपगव्हर्नर क्विस्ट कोट-टाय घालून, फोटोग्राफर बोलावून बसला होता. मी हद्द ओलांडताच त्याने विधेयकावर सही ठोकली.

तरीही सोमवारी त्या हॉलमध्ये गेले. टाळी नाही, शिवी नाही. म्हातारा आयनार लोकेन उठला. “सही तुमची नाही, ठाऊक आहे मला. पण बाई, तुम्ही होता कुठे?”

‘माझी बहीण खोटं बोलली’ हे ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, “आईकडे.” झालं! पेपरवाल्यांना आयतंच मिळालं: ‘शेवटी बाईच ती, माहेरी जेवायला गेली.’ निवडणुकीत आयनारच्या गावानेही मला मत दिलं नाही. त्याच्या गव्हाच्या रानात आता खड्डा आहे, आणि त्या खाणीवर ड्युएन मॅनेजर. अभिनंदन करायचं राहून गेलं होतं.

‘झालं गेलं विसर’ म्हणतेस. विसरलेही असते कदाचित. पण आई दर रविवारी फोनवर तेच सांगते. शेजारणींनाही सांगते म्हणे: “माझी लेक राज्य सोडून माझ्याकडे जेवायला आली.” तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा शनिवार आहे तो. तेवढा एक तरी माणूस त्या दिवशी सुखी झाला. ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही.

म्हणून येत नाही. तुमच्या दोघांसमोर त्या टेबलाशी बसले, तर माझ्या तोंडून सगळं निघेल, आणि ते आईच्या कानावर पडेल. तिला सांग, मार्लिसला बरं नाही. तुझ्यावर तिचा विश्वास बसेल. माझा बसला होता.

कुठल्याही कायद्याने हे नातं रद्द होत नाही, म्हणून अजून

तुझी बहीण,
मार्लिस