स्वयंपाकघरामागचा कडा

रोकसेर्व, ४ जून १९७४

चि. ओक्ताव यास सिदोनीताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

शाळा संपली की मिरेईला माझ्या हाताखाली पाठव, असं मीच लिहिलं होतं. आता तुझ्या लेकीला पाठवू नकोस. वेशीवर ‘सुंदर गाव’ अशी पाटी लागल्यापासून कड्याला चिकटलेली आपली घरं बघायला बसा भरभरून माणसं येतात. माझ्या भाड्याच्या खोल्या रिकाम्या म्हणून राहत नाहीत. पण स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे तो कडाच, आणि त्याला भेग पडली आहे. गवंड्याने भेगेवर प्लास्टरची पट्टी चढवली होती. खडक हलला तर ती तडकते. ती तडकली. आपला चुलतभाऊ गास्तों आता सरपंच, म्हणून त्याला दाखवली. त्याने गुपचूप नवी पट्टी चढवली आणि मला बजावलं, की पर्यटक जाईपर्यंत तोंड उघडू नकोस, गावाच्या पोटावर पाय देऊ नकोस. मला चुलीपाशी उभं राहायची भीती वाटते.

तुझी ताई

लिमोज, ८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

शेजाऱ्यांच्या बदकांना भिऊन लांबच्या वाटेने शाळेत जाणारी तूच ना? गास्तोंला फोन केला होता. तो म्हणाला, पट्टी अखंड आहे आणि सिदोनीला बाऊ करायची सवयच आहे. मिरेईची बॅग कधीची भरलेली होती. आज तिला गाडीत बसवून आलो आणि लिहायला बसलो. तिला तुझा अक्रोडाचा केक शिकव, आणि उगाच घाबरवू नकोस.

तुझा लाडका, ओक्ताव

रोकसेर्व, २० जून

चि. ओक्ताव यास अनेक आशीर्वाद.

नवीच पट्टी ती, अखंड असणारच. रविवारी पाहुणे जेवत असताना सूपच्या वाडग्यांत वरून धूळ पडली. मी धावत जाऊन चर्चची घंटा बडवली, आगीला बडवतात तशी. माणसं ताटं टाकून नदीपार पळाली आणि संध्याकाळपर्यंत कड्याकडे बघत बसली. एक खडा पडला नाही. गास्तोंने चारचौघांत मला म्हातारचळ लागल्याचं सांगितलं. बेकरीवाली आता माझ्याशी बोलत नाही.

मी नदीपलीकडच्या कोठारात बिछाना हलवला. पण तुझी पोर हसते. म्हणते, आत्या, शेकडो वर्षं उभा असलेला कडा नेमका तुझ्याच स्वयंपाकघरात कशाला येईल? ती पाहुण्यांना वाढते आणि भेगेखालच्या खाटेवर खुशाल झोपते. तिला तिथे ठेवून मी कोठारात कशी झोपू? म्हणून परत आले. तिच्या शेजारी आडवी होते आणि भिंतीला कान लावून पडून राहते.

पत्र लिहू नकोस, स्वतः ये. बापाचं ती ऐकेल. ओक्ताव, मी आता देवाकडे भलतंच मागायला लागले आहे. आम्ही दोघी नदीवर कपडे धूत असताना पडो, पण तो कडा एकदाचा पडो.

लोभ आहेच, तो घेऊन लगेच नीघ.

तुझी ताई