टाट्यांच्या आतला पाला

२८ जानेवारी १९०५, शनिवार. तिरला

धारहून परत येते तो माझ्या शेताला चारी बाजूंनी टाट्या! तुरीच्या काड्यांच्या, पुरुषभर उंच. मी भाऊकडे गेल्याची संधी साधून दीर जगदेवरावांनी ठोकून घेतल्या. विचारलं नाही, कळवलं नाही. म्हणे, "वहिनी, उत्तरेचा वारा सुटलाय. तुमची अफू फुलावर आलीय. वारा अडवला की ऊब राहील."

माझं शेत ना? या हंगामात पीक काढून दाखवलं तर ते माझ्या हाती राहणार, नाहीतर पुन्हा त्यांच्यात सामील – हे चार माणसांत ठरलंय. हे गेल्यावर तेवढ्यासाठी किती भांडले मी! मग ही लुडबूड कशाला?

२९ जानेवारी

जगदेवरावांना समजावून पाहिलं. वारा झोंबतो खरा, पण पाला, म्हणजे पीक जाळणारं गोठलेलं दहिवर, पडतो तो वारा पडल्यावर! काल अंगणात भिंतीच्या आडोशाला परात राहिली, तिच्यातल्या पाण्यावर सकाळी बर्फाचा पापुद्रा. गच्चीवरची परात वाऱ्यात होती, तिच्यात काही नाही. रात्री जमीन गारठते, तिच्यालगतची हवा गारठते. वारा असला तर तो ती ढवळतो, वरची ऊब खाली आणतो. अडवला की थंडी पिकावर बसून राहते.

हसले! "वहिनी, परातीवरून शेती करता काय?"

गडी तुकारामला म्हटलं, टाट्या काढ. तो हात जोडून उभा. "बई, मालक ने लगई हे, म्हूं कैसे निकालूं?"

३० जानेवारी

दोन टाट्या मीच उपटल्या. हात सोलवटले. संध्याकाळपर्यंत जगदेवरावांनी माणसं पाठवून पुन्हा उभ्या केल्या. बाईमाणसाचं ऐकायचंच नाही, अशी शपथ घेतलीय या घरानं!

१ फेब्रुवारी

गेलं. सगळं गेलं.

रात्रभर आभाळ लख्ख, बाहेर मंद वारा. टाट्यांच्या आत पानही हललं नसेल. सकाळी रोपं उकडलेल्या भाजीसारखी लोळत होती, दुपारी काळी पडली.

आणि बांधापलीकडे जगदेवरावांचं शेत – एकही टाटी नाही! सगळीकडून उघडं, वाऱ्यावर. थोडी पानं करपलीत, बाकी फुलं ताठ.

म्हणजे ठाऊक होतं यांना! मला हसायचं, आणि स्वतःचं शेत मात्र उघडं ठेवायचं. देवळासमोर चार माणसांत गाठलं. म्हटलं, भावाच्या विधवेचं शेत गिळायचं होतं, तर सरळ मागायचं होतं. पीक कशाला मारलंत? माणूस आहात की कोण?

मान खाली घालून घराकडे वळले. थांबणार कशाला?

२ फेब्रुवारी

भाऊला निरोप धाडला, न्यायला ये. जाऊबाईनं – सगुणाबाईनं – ताट पाठवलं. तसंच परत केलं. त्यांच्या घरचं पाणीसुद्धा नको मला.

४ फेब्रुवारी

सगुणाबाई स्वतः आली. दारातच उभी राहिली, रडून डोळे सुजलेले.

"त्या टाट्या आमच्या शेताच्या होत्या, बाई. नव्या बांधायला वेळ नव्हता. मी नको नको म्हणत होते. म्हणाले, आपलं यंदा गेलं तरी चालेल, वहिनीचं राहिलं पाहिजे."