हिरव्या कोटाची चिठ्ठी

ती. स्व. मावशीस,

साष्टांग नमस्कार, आणि या खेपेला कपाळ खरोखरच जमिनीला टेकवून. तुझे गुडघे बरे असतील. काकांचा खोकलाही उतरला असेल (त्याबद्दल पुढे येईलच, आधी बसून घे). मी ठीक आहे, आरशात बघायचं तेवढं टाळते.

तू विकायला दिलेला हिरवा कोट गेला. कसा गेला ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. जुन्या कपड्यांच्या आमच्या दुकानात प्रत्येक कपड्याचा दर्जा चिठ्ठीवर लिहितात. ‘नवाकोरा’ म्हणजे अंगाला न लागलेला, ‘उत्तम’ म्हणजे शोधल्यावरच दोष सापडेल असा, ‘चांगला’ म्हणजे हातभरावरून दिसेल असा. खाली दोष लिहायचे. लपवलेला दोष गिऱ्हाइकाला सापडला, तर कपडा परत, आणि मी अजून महिनाभराच्या बोलीवर असल्याने मीही घरी. त्यात बाबांनी लहानपणापासून शिकवलंय, की चूक सांगताना कारणही सांगावं. म्हणून मी ‘चांगला’ लिहून खाली सगळं उतरवलं. कॉलरच्या आत काळपट डाग, केसांच्या कलपाचे. कमरेची शिवण तीनदा उसवून वाढवलेली, कारण उघड आहे. खिशाला आतून भोक, यजमानांनी घाईत लपवलेल्या पेटत्या सिगारेटचं, ती सोडल्यानंतरच्या वर्षातलं (काळ अचूक असावा म्हणून लिहिलं गं!).

चिठ्ठी दोन दिवस काचेत होती. तिसऱ्या दिवशी तुझ्या जाऊबाई आल्या. कोट त्यांनी रस्त्यावरूनच ओळखला. चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, “कोट राहू दे, चिठ्ठी तेवढी दे.” दुकानवाल्या बाई म्हणाल्या, “चिठ्ठी सुटी विकत नाही.” मग जाऊबाईंनी कोटच घेतला. घासाघीससुद्धा केली नाही, यावरून काय ते समज.

नंतर बाईंनी मला आत बोलावलं. “अगं, दोष कुठे आणि केवढा, एवढंच लिहायचं! घराणं कशाला काढतेस?” तेव्हापासून मान वर होत नाही. रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझी,
तोंड लपवून बसलेली भाची

ता. क. जाऊबाई रविवारी तुमच्याकडे जेवायला येणार आहेत. कोट घालून.

ता. क. २. डाव्या काखेखाली अस्तरावर शाईचा तळहाताएवढा डाग आहे. तो चिठ्ठीत नाही. सातवीत असताना तुला न विचारता कोट घालून गेले होते, तेव्हा माझ्याच पेनाने पडला. कारण लिहावं लागलं असतं, म्हणून डागच लिहिला नाही. जाऊबाईंनी अस्तर अजून उलटून पाहिलेलं दिसत नाही, नाहीतर एव्हाना दुकानात आल्या असत्या. रविवारी त्या जेवायला बसल्या, की कोटाच्या त्याच जागी थोडी शाई सांडशील का? विकल्यानंतर पडलेल्या डागाची जबाबदारी दुकानावर येत नाही. निळीच हवी. बाटली सोबत पाठवली आहे.