मुकादमाने तीनदा ओढलेले कुलूप

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त प्राणीरक्षक, राहणार प्राणिसंग्रहालयामागची कर्मचारी वसाहत, खोली सात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा पशुवैद्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माणसांच्या डॉक्टरांनी तीन खेपा मारायला लावल्या, यांनी पाच मिनिटांत दिला.

एक. खोलीतले सामान आणि बँकेतली ठेव पत्नीला. तिने चाळीस वर्षे माझ्या अंगाचा माकडाचा वास सोसला.

दोन. माझा खराटा, लांब दांड्याचा चिमटा आणि रबरी बूट मुलाला. तो कचेरीत साहेब आहे, त्याला यांचा काडीचा उपयोग नाही. तरी घ्यावेत. मेहुण्याला काहीही देऊ नये. "आमच्या ताईला माकडवालाच मिळाला का?" असे तो माझ्याच लग्नात, माझ्याच शेजारी बसून म्हणाला होता.

तीन. शौर्यपदक. याबाबत खरे सांगणे भाग आहे.

पिंजऱ्याला कुलूप लावले की ते तीनदा ओढून पाहायचे, ही माझी सवय. संध्याकाळच्या फेरीला माझ्या खांद्यावर बसणाऱ्या माकडाने ती उचलली. माझ्यानंतर तोही प्रत्येक कुलूप तीनदा ओढी, म्हणून त्याचे नाव मुकादम पडले. ती फेरी बघायला लोक गर्दी करत. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, मागे माझा अर्धा खांदा.

बावीस वर्षांपूर्वी मेहुण्याशी फोनवर भांडून मी तणतणत फेरीला निघालो आणि बिबट्याच्या दाराला कुलूप नुसते अडकवून पुढे चाललो. मुकादमाने ओढले, तर कुलूप त्याच्या हातात आले. तो किंचाळला. मी म्हणालो, "गप रे, उशीर झालाय." तेव्हा त्याने माझ्या कानाचा लचका तोडला. मी वळलो, बिबट्या दाराशी उभा होता. मी दार रेटून कुलूप दाबले.

रक्त पाहून तेव्हाचे अधीक्षक धावत आले. मी म्हणालो, "साहेब, बिबट्यानं नाही हो..."

"तुम्ही बोलू नका, तुम्हाला धक्का बसलाय," म्हणत त्यांनी अहवाल लिहूनही टाकला. मला पदक मिळाले आणि बिबट्याच्या पिंजऱ्यावर 'हल्लेखोर' अशी पाटी लागली. बिचारा त्या पाटीखालीच मेला. मी तोंड उघडले नाही, याची मला लाज वाटते.

हे लिहिताना पत्नीने खांद्यावरून वाचले. "अहो, त्या बिबट्याला मी बावीस वर्षं शिव्या घातल्या!" म्हणाली आणि जेवायला न वाढता आत गेली.

पदक मुकादमाला द्यावे. ते तो चावून बघेल, बघू द्यावे.

चार. मुकादमाला आता दिसत नाही. नव्या अधीक्षकांनी त्याला 'प्रदर्शनास निरुपयोगी' ठरवून येत्या एक तारखेला परगावच्या प्राणी-निवाऱ्यात धाडण्याचा हुकूम काढला आहे. तो आजही नव्या रक्षकाच्या खांद्यावरून चाचपडत प्रत्येक कुलूप तीनदा ओढतो. एक तारखेपर्यंत मला मरण येईल याची खात्री नाही, म्हणून या मृत्युपत्राची प्रत पशुवैद्यांनी आजच अधीक्षकांना द्यावी. पदक काढून घ्या, पेन्शन कापा, पण त्याला हलवू नका.

पाच. मी गेलो की नाही, हे डॉक्टरांवर सोडू नये. मुकादमाला माझ्या खाटेशी आणावे. रोज सकाळी पिंजऱ्याशी गेलो की तो माझे बोट धरतो आणि तीनदा ओढतो, मग मी "आहे रे बाबा" म्हणतो. त्या दिवशीही ओढू द्यावे. मी काहीच बोललो नाही, तर मी गेलो असे समजावे आणि मग त्याला थोडा वेळ कोणीतरी मांडीवर घ्यावे. यासाठी तो इथेच असायला हवा.

सही: निवृत्त प्राणीरक्षक (डावा कान अर्धा)

साक्षीदार:
१. पशुवैद्य. कानावरच्या दातांच्या खुणा माकडाच्याच, हे मी तेव्हाच ओळखले होते. मला कोणी विचारले नाही.
२. तिकीट खिडकीवरच्या बाई. बिबट्याची गोष्ट हजारो लोकांना सांगितली, त्याबद्दल दिलगीर आहे.

सहीचे स्थळ: मुकादमाच्या पिंजऱ्यासमोरचा बाक
दिनांक: २४ मार्च. एक तारखेला आठ दिवस आहेत.