मॅनेजर कुठे ठेवायचा

४ नोव्हेंबर

शाळा सुटली की सबिना आणि मी कॉन्व्हेंटच्या कठड्यावर बसून भडंगाचा पुडा संपवायचो. तिचा धाकटा भाऊ अल्ताफ तिला न्यायला यायचा आणि शेंगदाणे तेवढे वेचून खायचा. ओरडा मात्र सिस्टरकडून आम्हाला बसायचा. आज तोच अल्ताफ, दाढी पांढरी झालेला, शाहूपुरीतल्या हॉस्पिटलच्या दारात माझी वाट पाहत होता. सगळी नोकरी पुण्यात करून साठीला टेकलेली मी आता इथे संगणक विभागाची प्रमुख, आणि तो माझा मदतनीस! दारावरच्या आकारामनी कडक सलाम ठोकला. घरी आल्यासारखं वाटलं.

६ नोव्हेंबर

इथले जुने संगणक मोडीत काढून दोन मोठे सर्व्हर आणलेत. केसपेपर, औषधं, अतिदक्षता विभाग, प्रत्येकाचा संगणक आता त्यांच्या पोटात, नुसता सॉफ्टवेअरने बनवलेला. त्यातला कुठला चालू ठेवायचा, कुठला बंद करायचा, कुठला एका सर्व्हरमधून दुसऱ्यात हलवायचा, हे आणखी एक सॉफ्टवेअर ठरवतं. सगळे त्याला मॅनेजर म्हणतात. सध्या तोही त्याच सर्व्हरांच्या आत आहे. तिथेच ठेवायचा की बाहेर काढायचा, हे मी ठरवायचंय.

विश्वस्त हंबीरराव म्हणाले, "हाय तिथं बरा हाय की, बाई. नवं डबडं कशाला?" ते गेल्यावर अल्ताफ पुटपुटला, "तिजोरीची चावी तिजोरीतच ठिवा म्हंत्यात, ताई." मला हसू आवरेना. बाहेर, वेगळ्या संगणकावर न्यायचं ठरवलं.

१० नोव्हेंबर

शनिवारी अल्ताफने आणि मी मिळून मॅनेजर बाहेर हलवला. आज येऊन पाहते तर तो पुन्हा आत. बाहेरचा संगणक कोरा. नोंदीत हलवणाऱ्याचं नाव माझं. माझा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. पण मी टाइप करत होते तेव्हा अल्ताफ शेजारी बसला होता...

विचारलंच शेवटी. बिचारा दुखावला. म्हणाला, मग हंबीररावांनापण विचारा की. हंबीररावांना माउस धरता येत नाही.

११ नोव्हेंबर

कुणीतरी हे करतंय. अल्ताफ म्हणतो, कुणी नाही, तोच करतोय. आत आहे तोवर स्वतःचं स्वतः ठरवणार. उद्या लवकर येऊन कायमचा काढतो म्हणाला. जाता जाता एक सांगून गेला: सर्व्हरच्या आतला एखादा संगणक हलवला तरी त्या संगणकाला पत्ता लागत नाही, वापरणाऱ्यालाही नाही.

१२ नोव्हेंबर

अल्ताफ आला नाही. त्याची खुर्चीही नाही. नर्स म्हणाल्या, कोण अल्ताफ, मॅडम? चेष्टा वाटली.

सबिनाला फोन केला. ती हसली. "पूर्णे, बरी हायस न्हवं? आम्ही दोघी बहिणीच की. मला कुठला आलाय भाऊ?"

मॅनेजर उघडला. आत एक नवा संगणक. नाव अल्ताफ. चालू.

त्याची खिडकी उघडली. काळा पडदा. मग एकच शब्द आला. ताई —

१३ नोव्हेंबर

मॅनेजर मारायचा तर दोन्ही सर्व्हर बंद करावे लागतील. अल्ताफ त्यातच आहे. आणि नाही मारला तर —

सकाळी आकारामनी दारात अडवलं. "पावणं, कुणाकडं आलाय?"

तशीच आत घुसले, तर माझ्या टेबलाच्या जागी कुंडी ठेवलीय.

१४ नोव्हेंबर

घराची किल्ली सबिनाला. ती म्हणेल, मी हिला ओळखत नाही. तरी द्या.

आईच्या मोत्याच्या कुड्या तिच्या मुलीला, सदफला.

बाहेरचा कोरा संगणक ज्याच्या हाती लागेल त्याने फेकू नये. आधी अल्ताफला त्यावर आणा. मग मला. मगच सर्व्हरचा प्लग काढा. हाच क्रम —

मॅनेजरला विचारू नका. तो सांगेल, आत कुणीच —